डॉसची ६४० के: जागा रिकामी असून 'मेमरी नाही' असं का म्हणायचा?

फ्लॉपीबाज

मंडळी, एमएस-डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा जुना सोर्स कोड आता गिटहबवर कुणालाही वाचता येतो, १.२५ आणि २.० आधीपासून होतेच, २०२४ मध्ये ४.०० पण टाकला. त्यात अलॉक डॉट एएसएम नावाची फाइल आहे, मेमरी वाटपाचं सगळं काम तिथे, आणि ती वाचताना एक जुनं कोडं सुटलं म्हणून हा धागा.

कोडं असं. ९० च्या आसपास सांगलीला एका ऑफिसात डीबेस थ्री प्लस या डेटाबेस प्रोग्रॅमवर माल-नोंदी आणि पगाराचा प्रोग्रॅम वेगळा, क्लिपर या डेटाबेस भाषेत लिहिलेला, असा कारभार होता. दुपारी डीबेसमधून बाहेर येऊन पगाराचा प्रोग्रॅम चालू केला की 'प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी'. मशीन बंद करून चालू केलं की तोच प्रोग्रॅम बिनबोभाट चालायचा. मशीन तापतं म्हणून असं होतं असं साहेबांचं ठाम मत होतं, त्यावर एक टेबलफॅन पण लावला होता :)

तर आधी डॉस मेमरी कशी वाटतो ते बघू. ८०८८ ला, म्हणजे पहिल्या पीसीच्या प्रोसेसरला, पत्त्याच्या २० लाइनी, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातली खालची ६४० के प्रोग्रॅमना, वरची ३८४ के व्हिडिओ, रॉम वगैरेंना राखीव. डॉस १ मध्ये मेमरी मागायची सोयच नव्हती, एका वेळी एक प्रोग्रॅम, सगळी मेमरी त्याचीच. १९८३ ला २.० आला तेव्हा तीन कॉल आले, इंट २१ (डॉसला काम सांगायचा दरवाजा) चे फंक्शन ४८ म्हणजे द्या, ४९ म्हणजे परत घ्या, ४ए म्हणजे माझा ब्लॉक लहान-मोठा करा. बास एवढंच.

आणि याचा हिशेब ठेवायला वेगळी वही नाहीच. प्रत्येक ब्लॉकच्या लगेच आधी १६ बाइटची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिला एमसीबी म्हणतात. पहिला बाइट 'एम', शेवटचा ब्लॉक असेल तर 'झेड'. मग दोन बाइट मालक कोण, शून्य असेल तर ब्लॉक मोकळा. मग दोन बाइट आकार, तोही १६-१६ बाइटच्या पॅराग्राफमध्ये. पुढची चिठ्ठी कुठे आहे हे कुठेच लिहिलेलं नाही, आपला पत्ता अधिक आकार अधिक एक असं करत करत जायचं. मेमरी मागितली की डॉस पहिल्या चिठ्ठीपासून 'झेड' येईपर्यंत अख्खी साखळी चालत जातो, जाता जाता शेजारशेजारचे मोकळे ब्लॉक जोडतो, आणि त्यातला एक देतो. परत करताना तर फक्त मालकाच्या जागी शून्य, जोडाजोडी तेव्हा करतच नाही, पुढच्याने मागितल्यावर बघू!

आता सांगलीचं कोडं. डीबेसमध्ये रिपोर्ट फाइलवर काढायचे आणि तिथूनच रन प्रिंट करून छापायला सोडायचे. हे प्रिंट म्हणजे टीएसआर, काम सोपवून झाल्यावरही मेमरीत राहणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदा चालवलं की 'नेम ऑफ लिस्ट डिव्हाइस' विचारतं, आपण एंटर मारतो आणि ते मेमरीत मुक्काम ठोकतं. पण डीबेस तेव्हा चालू आहे, म्हणजे प्रिंट बसलं डीबेसच्या डोक्यावर. दुपारी डीबेस बंद केलं, त्याची जागा मोकळी झाली, प्रिंट मात्र मधोमध तसंच. खाली अडीचशे-पावणेतीनशे के मोकळी, वर साधारण तेवढीच मोकळी, आणि पगाराच्या प्रोग्रॅमला चारशेच्या वर एका तुकड्यात हवी.

उपाय एका ओळीचा होता, सकाळी ऑटोएक्झेक, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल, तिच्यातच प्रिंट लोड करून ठेवायचं, म्हणजे ते तळाला बसतं आणि वरचा सगळा भाग सलग राहतो. पंखा काढला नाही तो भाग वेगळा.

उगाच_आपलं

छान लिहिलंय. थोडक्यात एसटीत दहा सीट रिकाम्या पण चौघांच्या कुटुंबाला एकत्र जागा नाही, तसं ना? पण मग मधल्याला उठवून मागे बसवायचं की. डॉसने ते प्रिंट खाली सरकवलं का नाही?

फ्लॉपीबाज

@उगाच_आपलं सरकवता येत नाही हो. प्रिंट लोड झालं तेव्हा त्याने घड्याळाच्या इंटरप्टवर स्वतःचा पत्ता लिहून ठेवला, सेकंदाला १८ वेळा तिकडे उडी पडते. कोडमध्येही सेगमेंटचे, म्हणजे मेमरीतल्या भागांचे, पत्ते लोड होताना एकदाच भरले जातात. डॉसला यातलं काही माहीत नसतं, कुणी कुठे काय लिहून ठेवलंय याची यादीच नाही. हलवलं की पुढच्या टिकला मशीन ठप्प. एकदा बसला तो तिथेच.

डीटीपीकाका

हे मॅकवाल्यांनी केलं होतं, सरकवायचं. मी बरीच वर्षं डीटीपीच्या धंद्यात काढली, जुन्या मॅकवर, आणि नंतर हौस म्हणून त्यावर थोडं प्रोग्रॅमिंग पण केलं म्हणून सांगतो.

१९८४ चा पहिला मॅक १२८ के चा, त्यातली जवळपास २२ के नुसत्या स्क्रीनलाच जायची. एवढ्याशा जागेत तुकडे पडले तर संपलंच. म्हणून तिथे मेमरी मागितली की पत्ता मिळायचा नाही, हँडल मिळायचं, म्हणजे पत्त्याचा पत्ता. मधे एक मास्टर पॉइंटर असायचा, सिस्टिम ब्लॉक सरकवायची आणि फक्त मास्टर पॉइंटर बदलायची, तुमचं हँडल तेच. ऐकायला झकास. पण तुम्ही हँडलमधून खरा पत्ता काढून व्हेरिएबलमध्ये ठेवला, मधे एखादा असा सिस्टिम कॉल केला की ज्याने मेमरी हलू शकते, आणि मग तो जुना पत्ता वापरला की गेलात. आणि रोज मरत नाही हो, ज्या दिवशी मेमरी टाइट असेल त्याच दिवशी मरतं, म्हणजे नेमकं दिवाळी अंकाच्या घाईत. त्यासाठी एचलॉक करून ब्लॉक जागेवर खिळवायचा, काम झालं की एचअनलॉक. अनलॉक करायला विसरलं की तो खिळा हीपच्या, म्हणजे वाटायच्या मेमरीच्या, मधोमध, म्हणजे परत तुमचं प्रिंटच!

आणि आणखी एक कंजूषपणा. ६८००० ला, म्हणजे मॅकच्या प्रोसेसरला, पत्त्याच्या २४ च लाइनी, पण पॉइंटर ३२ बिटचा, तर वरचे ८ बिट फुकट जातात म्हणून लॉक आहे का, टाकून देण्याजोगा आहे का असल्या खुणा मास्टर पॉइंटरच्या त्याच बिटांत ठेवल्या. १९८७ ला ६८०२० वाला मॅक टू आला, तो ३२ बिट पत्ते वापरू शकत होता, आणि या खुणांमुळे त्याच्या रॉमलाच ते जमेना. पुढे सिस्टिम ७ मध्ये ३२ बिट चालू-बंद करायचं बटण द्यावं लागलं, आणि त्या जुन्या रॉमवाल्यांना मोड३२ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर.

वापरणाऱ्याला दिसायचा तो भाग वेगळाच. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारा मल्टिफाइंडर आल्यापासून प्रत्येक प्रोग्रॅमला उघडतानाच ठरलेला एक तुकडा मिळायचा, नंतर वाढत नाही. क्वार्क या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला कमी पडली तर क्वार्क बंद करा, आयकॉनवर गेट इन्फो करा, आकडा वाढवा, परत उघडा. म्हणजे मेमरी मॅनेजमेंट करायचा ऑपरेटर! आणि अबाउट धिस मॅकिंतॉश उघडलं की खाली 'लार्जेस्ट अनयूज्ड ब्लॉक' लिहिलेलं असायचं, तो आकडा बघून आमचा पोरगा सांगायचा की काका आता फोटोशॉप उघडणार नाही, आधी सगळं बंद करा. आत ब्लॉक सरकायचे, पण हे मोठे तुकडे नाही सरकायचे.

निशिगंधा

काका मस्त माहिती, गेट इन्फोचं माहीत नव्हतं.

आमच्या पिढीचा डॉसशी संबंध म्हणजे टर्बो सी, बोर्लंडचा सी कंपाइलर. विंडोज एक्सपीचा जमाना होता तरी कॉलेजला निळी स्क्रीनच. आणि प्रोग्रॅम संपल्यावर 'नल पॉइंटर असाइनमेंट'. सर म्हणायचे दुर्लक्ष करा. नंतर नोकरीला लागल्यावर कळलं की ते कसं चालतं: स्मॉल मॉडेलमध्ये डेटा सेगमेंटच्या अगदी सुरुवातीला बोर्लंडची कॉपीराइटची ओळ ठेवलेली असते. तुम्ही शून्य पत्त्यावर लिहिलं की ती ओळ बिघडते. प्रोग्रॅम संपताना रनटाइम तपासतं की ओळ जशीच्या तशी आहे का, नसेल तर हा मेसेज. म्हणजे चोरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पंचनामा, अडवायला कुणी नाही, कारण रियल मोडमध्ये, म्हणजे डॉस चालतो त्या ८०८८ च्या पद्धतीत, अडवणारं हार्डवेअरच नाही. आज तेच केलं की सेगमेंटेशन फॉल्ट येऊन जागेवर मरतो.

एक भर घालते. एक्झी फाइलच्या हेडरमध्ये दोन आकडे असतात, कमीत कमी किती मेमरी हवी आणि जास्तीत जास्त किती. एक्झी फाइल बनवणारा लिंकर दुसऱ्या जागी सरळ एफएफएफएफ टाकून मोकळा व्हायचा, म्हणजे आहे तेवढी सगळी द्या. मग प्रोग्रॅम सुरू झाल्यावर टर्बो सीचा स्टार्टअप कोड ४ए ने नको ती परत करायचा. असेंब्लीत लिहिणारे हे विसरायचे आणि मग दुसरा प्रोग्रॅम चालवायला गेलं की एरर ८, मेमरी पुरेशी नाही, आणि पोरं डोकं धरून बसायची की माझा प्रोग्रॅम तर दोन के चा आहे!

सातारी_कंदी

मूळ पाप त्या ६४० के वालं. म्हणे ६४० के सगळ्यांना पुरे. कुणी म्हटलं ते सांगायची गरज नाही.

फ्लॉपीबाज

@सातारी_कंदी ते वाक्य बिल गेट्सने म्हटल्याचा पुरावा कुणाला सापडलेला नाही, त्याने स्वतः नाकारलंय. आणि रेषा आखली आयबीएमने, व्हिडिओ मेमरी ए००० पासून पुढे ठेवून. १९८१ चा पहिला पीसी १६ के पासून मिळायचा, त्या वेळी ६४० म्हणजे चंगळ होती. पाप असलंच तर १ एमबी ची हद्द, ती ८०८८ ची.

बरं त्या हद्दीतली पण एक गंमत. सेगमेंट गुणिले १६ अधिक ऑफसेट असा पत्ता काढतात, तर सेगमेंट एफएफएफएफ धरला आणि ऑफसेट मोठा घेतला की पत्ता १ एमबी च्या पलीकडे जातो. ८०८८ ला एकविसावी लाइनच नाही म्हणून तो गोल फिरून शून्यावर यायचा, आणि काही प्रोग्रॅम या फिरण्यावर विसंबून होते. १९८४ ला ८०२८६ वाला एटी आला, त्याला लाइनी २४, तिथे फिरेना. म्हणून आयबीएमने ती एकविसावी लाइन, ए२०, दाबून ठेवायला एक फाटक बसवलं आणि त्याचा ताबा दिला कीबोर्डच्या कंट्रोलरला, कारण त्याची एक पिन मोकळी होती. मेमरीचं फाटक कीबोर्डकडे!! तेच फाटक उघडलं की रियल मोडमधूनही ६५,५२० बाइट जास्तीचे मिळतात, तो एचएमए. डॉस ५ मध्ये डॉस=हाय लिहिलं की डॉसचा बराचसा भाग तिकडे राहायला जायचा आणि खाली एकदम मोकळं वाटायचं.

लॅबअसिस्टंट

डॉस ५ चं नाव काढलंत म्हणून लिहितो. आम्ही नोव्हेल नेटवर्कची लॅब सांभाळायचो, नोड मशीनला एलएसएल मग कार्डाचा ड्रायव्हर मग आयपीएक्सओडीआय मग नेटएक्स अशी नेटवर्कच्या प्रोग्रॅमची वरात, वर माउस. हे सगळं लोड होईपर्यंत खाली एवढी कमी उरायची की फॉक्सप्रोची साधी आवृत्ती उघडायची पण कण्हत कुथत.

१९९१ ला डॉस ५ आला तेव्हा हायमेम आणि ईएमएम३८६ हे मेमरीचे ड्रायव्हर मिळून वरच्या ३८४ के मधल्या रिकाम्या फटी वापरता यायला लागल्या, ३८६ च्या पेजिंगने एक्स्टेंडेड, म्हणजे १ एमबी च्या वरच्या, मेमरीचे तुकडे तिथे नेऊन दिसतील असे करायचे. तिकडे लोड करायचे हुकूम डिव्हाइसहाय, लोडहाय. पण इथेही तीच बोंब, फटी वेगवेगळ्या आकाराच्या, आणि ड्रायव्हर लोड होताना फुगतो, नंतर आकसतो. म्हणजे १० के मध्ये बसणाऱ्याला लोड होताना ३० के लागणार, आधी छोटा बसवला की मग मोठ्याला फट पुरत नाही आणि तो न बोलता खाली जाऊन बसतो. मोठा आधी, छोटा मागून, असा क्रम लावून लावून रीबूट करायचं, मेम स्लॅश सी चा कागद छापून त्यावर पेन्सिलने मांडणी करायची. मला ५९० के च्या वर मोकळे मिळाले की दिवस चांगला जायचा, खोटं कशाला बोलू. डॉस ६ मध्ये मेममेकर आला, तो हे आपोआप करायचा, पण हाताने लावलेलं माझं कॉन्फिग त्याच्यापेक्षा भारी असायचं हे मी आजही भांडून सांगेन.

एक सावधान: नेटवर्क कार्ड स्वतःची मेमरी डी००० ला वगैरे दाखवत असेल आणि तो भाग एक्स= लिहून ईएमएम३८६ ला वगळायला सांगितला नाही तर मशीन उघडायचं, लॉगिनपर्यंत जायचं, आणि मोठी फाइल कॉपी करताना लटकायचं. तासन् तास केबल तपासत बसलेले लोक बघितलेत.

उगाच_आपलं

मग एवढ्या कटकटीत डूम कसं चालायचं? त्याला तर ४ एमबी लागायची.

निशिगंधा

डूम डॉसला विचारतच नव्हतं. त्याच्याबरोबर डॉस/४जीडब्ल्यू नावाचा एक्स्टेंडर यायचा, तो प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये न्यायचा आणि सलग ३२ बिट पत्ते द्यायचा, फाइल वाचायची वगैरे असेल तेव्हाच डॉसकडे परत. लॅबअसिस्टंट काकांची पेन्सिल त्या दिवशी रिटायर झाली.

लॅबअसिस्टंट

नाही हो, साउंड कार्ड आणि सीडीचा ड्रायव्हर खालीच लागायचे. पेन्सिल विंडोज ९५ पर्यंत चालली.

सातारी_कंदी

व्हायरस राहिले की. बूट सेक्टरवाले व्हायरस डॉसच्या साखळीत येतच नसत, डॉस उठायच्या आधीच ते येणार. बायोस ४० सेगमेंटला १३ वर एक आकडा ठेवतो, किती के मेमरी आहे, ६४०. व्हायरस तो आकडाच कमी करून वरच्या टोकाला लपायचा. डॉस बिचारा विश्वास ठेवणारा, बायोसने ६३८ सांगितलं तर ६३८. म्हणून आम्ही अनोळखी मशीनवर आधी चेकडिस्क मारायचो, ६,५५,३६० टोटल बाइट दिसले तर ठीक, ६,५३,३१२ दिसले की स्टोन्ड व्हायरसचा संशय.

आणि आपला 'जोशी' विसरू नका :D १९९० ला भारतात सापडला, तो ६ के खायचा, आणि ५ जानेवारीला मशीन अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. टाइप केलं की गप्प पुढे जाऊ द्यायचा, अगदी सभ्य.

डीटीपीकाका

हा हा. आमच्या गल्लीत तीन जोशी, तिघांवर संशय होता.

अर्धवट_इंजिनिअर

इतके दिवस वाचनमात्र होतो. फ्लॉपीबाज साहेब, ही चिठ्ठ्यांची साखळी प्रत्यक्ष बघता येईल का? व्हर्च्युअल मशीनमध्ये एमएस-डॉस ६.२२ टाकून ठेवलाय.

फ्लॉपीबाज

येईल की, डॉसबरोबर येणारा डीबग पुरे. डीबग उघडा, ए दाबून दोन ओळींची असेंब्ली लिहा, एएच मध्ये ५२ आणि इंट २१, पी ने दोन पावलं चालवा. हे फंक्शन अधिकृत पुस्तकात नव्हतं पण सगळे वापरायचे. ईएस:बीएक्स मध्ये जो पत्ता येईल त्याच्या दोन बाइट मागे पहिल्या चिठ्ठीचा सेगमेंट आहे. समजा ०२५३ आला. डी ०२५३:० करा, '४डी ०८ ०० २ए ०एफ' असं काहीतरी दिसेल. ४डी म्हणजे एम. ०००८ म्हणजे मालक खुद्द डॉस. आकार उलटा वाचायचा, ०एफ२ए पॅराग्राफ. ०२५३ अधिक ०एफ२ए अधिक १, सगळं हेक्समध्ये, आलं ११७ई. तिथे परत डी करा, परत ४डी दिसायला हवा. डॉस ४ पासून चिठ्ठीच्या शेवटच्या आठ बाइटात प्रोग्रॅमचं नावही असतं, त्यामुळे उजवीकडच्या रकान्यात कमांड, डीबग अशी नावं वाचता येतील.

आणि धाडस असेल तर त्यातला एक ४डी बदलून ०० करा, आणि डीबगमधून बाहेर या. लगेच काही होणार नाही असंही होऊ शकतं, पण पुढचा कुणी मेमरी मागायला गेला की साखळी तुटलेली सापडेल आणि 'मेमरी अलोकेशन एरर, सिस्टिम हॉल्टेड'. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या ब्लॉकच्या बाहेर एक बाइट लिहिला तर नेमकं हेच व्हायचं, गुन्हा एकाचा आणि मेसेज येताना दुसराच कुणी चालू असायचा.

अर्धवट_इंजिनिअर

केलं! ४डी वाल्या उड्या मारत शेवटपर्यंत गेलो, कमांड दिसलं, डॉसकी दिसलं, डीबग स्वतः दिसला. पण एक शंका. माझ्याकडे ६४० के च्या टोकाला, ९एफएफएफ ला, एक चिठ्ठी आहे, मालक ०००८, आणि आकार केवढा तरी मोठा. तिथे तर डॉसचं काहीच नाही ना? व्हिडिओ मेमरी सुरू होते ए००० पासून.

फ्लॉपीबाज

म्हणजे तुमच्या कॉन्फिगमध्ये डॉस=यूएमबी आहे. वरच्या फटी साखळीला जोडायच्या तर पुढची चिठ्ठी आकार मिळवूनच सापडते, आणि मधे तर व्हिडिओ मेमरी आणि रॉम, तिथे चिठ्ठी लिहिणार कुठे. म्हणून डॉस ६४० के मधले शेवटचे १६ बाइट घेतो, तिथे एक चिठ्ठी ठेवतो, आणि मधला सगळा भाग माझाच आहे असं सांगून वापरात दाखवतो. म्हणजे तो भाग कुणाला वाटला जात नाही आणि उडी थेट पहिल्या फटीवर पडते. फंक्शन ५८ ने ही जोडणी तोडता येते, मग त्याच्या आधीच्या चिठ्ठीवर एम च्या जागी झेड येतो. तोडून बघा आणि डी ९एफएफएफ:० चा डंप इथे टाका.

अर्धवट_इंजिनिअर

टाकतो रात्री. आता मीटिंग आहे.